श्वानाचे हृदय आणि वाटाण्याचे पीठ : अमेरिकेतील एका तपासाचा इतिहास

१२ जुलै २०१८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीए या संक्षिप्त नावाने जगभर परिचित असलेल्या सरकारी यंत्रणेने, कुत्रे पाळणाऱ्यांना आणि पशुवैद्यांना उद्देशून एक जाहीर निवेदन काढले. वाटाणा, मसूर, इतर कडधान्ये किंवा बटाटे हे ज्यात मुख्य घटक आहेत असे तयार खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांमध्ये हृदय फुगून दुबळे पडण्याचा विकार आढळत आहे आणि ज्या जातींमध्ये हा विकार आनुवंशिक असल्याचे माहीत नाही त्या जातींतूनही अशा तक्रारी येत आहेत, असे त्या निवेदनात म्हटले होते. कारण सिद्ध झाल्याचा दावा त्यात नव्हता आणि कोणतेही उत्पादन बाजारातून मागे घेण्याचा आदेशही नव्हता. परंतु या मोजक्या मजकुरातून सुरू झालेला तपास पुढे साडेचार वर्षे चालला, त्याने एका भरभराटीच्या उद्योगाचा पाया हलवला आणि पशुपोषण या शास्त्रातील काही गृहीतके पुन्हा तपासायला लावली. हा प्रसंग समजून घ्यायचा तर २०१८ पासून प्रारंभ करून भागत नाही, कारण त्याचे धागे टॉरिन नावाच्या एका द्रव्याच्या शोधात, कोरड्या श्वानखाद्याच्या कारखानदारीत आणि २००७ सालच्या एका भेसळकांडात गुंतलेले आहेत.

ज्या विकाराची ही चर्चा आहे त्याला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, संक्षेपाने डीसीएम, म्हणतात. हृदयाचा डावा निलय, म्हणजे फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त साऱ्या शरीराकडे लोटणारा कप्पा, या विकारात हळूहळू रुंदावतो, त्याच्या स्नायूंची आकुंचन पावण्याची शक्ती घटते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण कमी होत जाते. मागे तुंबलेल्या रक्ताच्या दाबामुळे फुप्फुसांत पाणी साचते, कुत्र्याला धाप लागते, खोकला येतो, थोड्या श्रमाने भोवळ येते. आणि हृदयाची लय बिघडली तर आधी कसलेही लक्षण न दाखवता तो एकाएकी कोसळून मरतो. डॉबरमन, ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड आणि बॉक्सर या जातींमध्ये हा विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असून, डॉबरमनच्या बाबतीत तर त्याच्याशी निगडित काही जनुकीय दोषही सापडले आहेत. अशा आनुवंशिक डीसीएममध्ये औषधांनी आयुष्य काही काळ लांबवता येते, पण रुंदावलेले हृदय पूर्ववत होत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे आहाराकडे संशयाची सुई वळली ती मुख्यत्वे एका निरीक्षणामुळे : काही कुत्र्यांचे खाद्य बदलले आणि त्यांचे हृदय सुधारले.

टॉरिनची कथा याहून बरीच जुनी आहे. १८२७ मध्ये फ्रीडरिख टीडमान आणि लेओपोल्ड ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. टॉरिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे. प्रथिने ज्यांच्या साखळीतून बनतात त्या इतर अमिनो आम्लांप्रमाणे ते प्रथिनांत गुंफले जात नाही, तर पेशींमध्ये मोकळे राहते आणि हृदयस्नायू, मेंदू व डोळ्यातील दृष्टिपटल यांमध्ये त्याचा साठा विशेष असतो. हृदयस्नायूच्या पेशींत कॅल्शियमची जी ये-जा प्रत्येक ठोक्याला घडते तिचे नियमन करण्यात त्याचा वाटा आहे. तरीही जवळजवळ दीडशे वर्षे हे द्रव्य शरीराच्या व्यवहारातील एक गौण पदार्थ मानले गेले. १९७५ मध्ये के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की आहारातून टॉरिन न मिळालेल्या मांजरांचे दृष्टिपटल झिजते आणि शेवटी त्यांना अंधत्व येते. मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी असल्याने आणि मांसातून टॉरिन सतत मिळत असल्याने, ते पुरेशा प्रमाणात घडवण्याची क्षमता त्याच्या शरीरात टिकलेली नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्यानंतर बारा वर्षांनी जे घडले ते पशुवैद्यकाच्या इतिहासातील अत्यंत फलदायी शोधांपैकी एक मानावे लागेल. त्या काळी मांजरांमधील डीसीएम हा सर्रास आढळणारा आणि बहुधा प्राणघातक ठरणारा विकार होता, व त्याचे कारण अज्ञात समजले जाई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात पॉल पायन, मार्क किटलसन, क्विंटन रॉजर्स आणि जेम्स मॉरिस यांनी अशा मांजरांच्या रक्तातील टॉरिन मोजले, ते अतिशय कमी आढळले, आणि पूरक टॉरिन दिल्यावर त्यांच्या हृदयाचे कार्य पुन्हा सुधारले. ऑगस्ट १९८७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी होती की ही मांजरे उपाशी किंवा हलगर्जीपणे पोसलेली नव्हती, ती नामांकित कंपन्यांचे तयार खाद्य खात होती आणि त्या खाद्यात तेव्हाच्या मानकांनुसार पुरेसे ठरणारे टॉरिन होते. कागदावरची मात्रा आणि प्राण्याच्या शरीराला प्रत्यक्ष लाभणारी मात्रा यांतील अंतर तेथे उघड झाले : खाद्य तापवून डब्यात भरण्याच्या प्रक्रियेमुळे आतड्यातील जिवाणूंच्या हालचालीत असा फरक पडत होता की टॉरिनचा बराचसा भाग शरीराच्या कामी येण्यापूर्वीच नष्ट होई. म्हणूनच आज अमेरिकी मानकांत मांजरांच्या कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का आणि डबाबंद खाद्यात त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.२ टक्के टॉरिन असावे लागते. उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि काही वर्षांतच मांजरांमधील डीसीएम हा दुर्मिळ विकार झाला.

कुत्र्यांच्या बाबतीत मात्र असे मानक ठरले नाही, आणि त्यामागील तर्क वरवर पाहता निर्दोष होता. कुत्र्याचे यकृत मेथिओनिन व सिस्टीन या दोन गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून टॉरिन घडवू शकते. त्यामुळे खाद्यात ही दोन आम्ले पुरेशी असली की टॉरिनची वेगळी चिंता नको, असे धरले गेले. या गृहीतकाला तडे जाण्याच्या खुणा लवकरच दिसू लागल्या होत्या. अमेरिकन कॉकर स्पॅनियल जातीच्या, डीसीएमने ग्रस्त आणि रक्तात टॉरिन कमी असलेल्या कुत्र्यांना टॉरिन व कार्निटिन ही पूरके दिल्यावर सुधारणा होते, असे किटलसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. २००३ मध्ये डेव्हिस येथील अँड्रिया फॅसेटी आणि सहकाऱ्यांनी टॉरिनची कमतरता व डीसीएम एकत्र असलेल्या १२ कुत्र्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या खाद्यात मेंढीच्या मांसाची भुकटी, तांदूळ किंवा हे दोन्ही मुख्य घटक होते. तांदूळ हे तृणधान्यच असल्याने, तृणधान्य आहे की नाही एवढ्यावरच हृदयाचे भवितव्य ठरते असा सरधोपट निष्कर्ष काढणाऱ्यांनी पुढील काळात हा वृत्तान्त आठवायला हवा होता. मोठ्या शरीराच्या जाती टॉरिन तुलनेने संथपणे घडवतात आणि काही घटकांच्या संयोगात त्यांची ही उत्पादनक्षमता अपुरी पडते, एवढे ज्ञान २००५ च्या आसपास अभ्यासकांना झालेले होते. ते मानकांत उतरले नाही.

याच सुमारास बाजारात निराळेच वारे वाहू लागले होते. कारखान्यात तयार केलेल्या श्वानखाद्याचा उगम जेम्स स्प्रॅट या अमेरिकन उद्योजकाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये विकायला आणलेल्या गव्हाच्या बिस्किटांत आहे. पुढे १९२० च्या दशकात घोड्याचे मांस डब्यांत भरून विकले जाऊ लागले, आणि १९५७ मध्ये प्युरिना कंपनीने एक्सट्रूजन, म्हणजे ओलसर पिठाला दाब व उष्णता देऊन साच्याच्या छिद्रांतून बाहेर काढण्याची व त्याचे फुगीर दाणे पाडण्याची रीत श्वानखाद्याला लावली. या रीतीने बनलेल्या कोरड्या दाण्यांनी अमेरिकेतील घराघरांत आपले स्थान पक्के केले. दाणा फुगून टणक व्हायचा तर त्यात पिष्टमय पदार्थ असावाच लागतो, आणि तो पुरवण्याचे काम अनेक दशके मका, गहू व तांदूळ करीत होते.

मार्च २००७ मध्ये मेनू फूड्स या कॅनेडियन उत्पादकाने कुत्र्यामांजरांच्या खाद्याचे सुमारे ६ कोटी डबे आणि पाकिटे बाजारातून परत मागवली. चीनमधून आयात केलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक-उद्योगातील रसायन मिसळलेले होते. मेलामाइनमध्ये नायट्रोजनचे प्रमाण मोठे असल्याने आणि प्रथिने मोजण्याच्या रूढ चाचणीत नायट्रोजनच मोजला जात असल्याने, भेसळ केलेला माल प्रथिनसमृद्ध भासे. त्या रसायनाचे सायन्युरिक आम्लाशी संयोग पावलेले खडे मूत्रपिंडांत साचून अनेक प्राणी दगावले. दोष भेसळीचा होता, गव्हाचा नव्हे. पण घाबरलेल्या ग्राहकाच्या मनात गहू, मका आणि मोठे कारखाने हे सारे एकाच संशयाच्या छायेत आले. त्या काळी माणसांच्या आहारातही ग्लुटेन टाळण्याची लाट होती, आणि कुत्रा हा मुळात लांडगा असल्याने त्याला धान्य पचत नाही, हा आकर्षक प्रचार जोडीला होता. हा प्रचार खरा नव्हे, याचा पुरावा २०१३ मध्ये स्वीडनमधील उपसाला विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मांडला : पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात केवळ दोन प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात, म्हणजेच माणसाच्या शेतीसोबत राहताना कुत्र्याची पचनसंस्था धान्याशी जुळवून घेत आलेली आहे. तोवर तृणधान्यविरहित खाद्य हा अमेरिकी बाजारातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या विभागांपैकी एक झाला होता आणि असल्या निबंधांचा परिणाम पाकिटांवरच्या लांडग्यांच्या चित्रांवर झाला नाही.

तृणधान्य काढले तरी पिष्टाची गरज संपत नव्हती. ती जागा बटाटा, रताळे आणि विशेषतः वाटाणा, मसूर व हरभरा यांनी घेतली. कडधान्यांचा दुहेरी लाभ असा की ती पिष्टाबरोबर प्रथिनेही पुरवतात, आणि ती प्रथिने मांसापेक्षा स्वस्त पडतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते या नियमाचाही येथे विचार केला पाहिजे. ओले मांस त्यातील सुमारे ७० टक्के पाण्यासह मोजले जाते, तर वाटाणा हा अख्खा वाटाणा, वाटाण्याचे पीठ, वाटाण्याची प्रथिने, वाटाण्याचा चोथा अशा वेगवेगळ्या नोंदींत विभागला जातो. त्यामुळे यादीत मांस अग्रस्थानी दिसते आणि या चार नोंदींची बेरीज केली तर मात्र प्रत्यक्ष दाण्यात कोणाचे प्राबल्य आहे हे कळते. हे सारे नियमांच्या चौकटीत बसणारे होते, तरी त्यातून ग्राहकाला सत्याची कल्पना येत नव्हती, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

कडधान्यांच्या प्रथिनांची एक मर्यादा महाराष्ट्रातील स्वयंपाकघराला अनुभवाने आणि पोषणशास्त्राला प्रयोगाने ज्ञात आहे. डाळींत लायसिन हे अमिनो आम्ल विपुल असते आणि मेथिओनिन व सिस्टीन कमी असतात. तांदूळ, ज्वारी, गहू यांची स्थिती याच्या उलट असते. म्हणून वरण-भात किंवा आमटी-भाकरी एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. तृणधान्य वगळून डाळींवर भर दिलेल्या खाद्यात नेमकी ही जोडी तुटते, आणि जी दोन आम्ले कमी पडतात तीच कुत्र्याच्या शरीराला टॉरिन घडवण्यासाठी लागतात. त्याखेरीज कुत्र्याचे यकृत पित्ताम्लांना केवळ टॉरिनशीच जोडते. माणसाप्रमाणे त्यासाठी ग्लायसिन वापरण्याची सोय त्याच्याकडे नाही. आहारातील विशिष्ट प्रकारचा चोथा पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि ती विष्ठेवाटे बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्यासोबत टॉरिनही वाया जाते. कच्च्या मालाची उणीव आणि तयार मालाची गळती अशी दुहेरी हानी येथे संभवते. उत्पादक मेथिओनिन वेगळे मिसळून पहिली उणीव भरू शकतात आणि अनेक जण ते करीतही होते. दुसरी हानी पाकिटावरच्या आकड्यांत दिसत नाही.

ही कडधान्ये मोठ्या प्रमाणात पिकतात ती कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात आणि लगतच्या अमेरिकी राज्यांत, आणि या पिकांचा भारताशी निकटचा संबंध आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. पुढच्याच वर्षी देशांतर्गत पीक भरघोस येऊन भाव कोसळले, महाराष्ट्रात तूर खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या आणि केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये आयात वाटाण्यावर ५० टक्के, तर डिसेंबरमध्ये मसूर व हरभऱ्यावर ३० टक्के शुल्क लावले. या शुल्काचा अमेरिकेतील हृदयविकाराशी कार्यकारणसंबंध नाही. पण उत्तर अमेरिकेतील कडधान्य-उत्पादकांना निर्यातीबाहेरची बाजारपेठ किती मोलाची होती आणि श्वानखाद्यावरचा आरोप त्यांना इतका का झोंबला, हे त्यावरून उमजते.

२०१४ ते २०१७ या चार वर्षांत एफडीएकडे डीसीएमच्या अवघ्या ७ तक्रारी आल्या होत्या. २०१८ च्या पूर्वार्धात हृदयविकारतज्ज्ञ पशुवैद्यांच्या लक्षात येऊ लागले की गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडोर आणि संमिश्र जातीचे कुत्रे डीसीएम घेऊन येत आहेत व त्यांपैकी अनेकांच्या खाद्यात साम्य आहे. टफ्ट्‌स विद्यापीठातील पशुपोषणतज्ज्ञ लिसा फ्रीमन यांनी त्या जूनमध्ये या विषयावर जाहीर लेखन केले, जुलैत एफडीएचे निवेदन आले आणि तक्रारींचा ओघ सुरू झाला : २०१८ मध्ये ३२० आणि २०१९ च्या पहिल्या चार महिन्यांत १९७. २७ जून २०१९ रोजी एफडीएने या ५२४ तक्रारींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत ५६० कुत्रे आणि १४ मांजरे बाधित होती. ११९ कुत्रे व ५ मांजरे दगावली होती. ९० टक्क्यांहून अधिक खाद्ये तृणधान्यविरहित होती आणि ९३ टक्के खाद्यांत वाटाणा, मसूर किंवा दोन्ही होते, तर बटाटा व रताळे असलेल्या खाद्यांचे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. ज्यांच्याविषयी दहा किंवा अधिक तक्रारी होत्या अशा १६ नाममुद्रांची यादीही त्या अहवालात होती, आणि खळबळ उडाली ती मुख्यतः या यादीमुळे.

या आकड्यांकडे कसे पाहावे, याविषयी त्या वेळी आणि नंतरही बराच गोंधळ झाला. तक्रारींची संख्या म्हणजे रोगाचे प्रमाण नव्हे. अमेरिकेत त्या सुमारास सुमारे ७.७ कोटी पाळीव कुत्रे होते आणि त्यांपैकी किती जणांना डीसीएम होता याची मोजदाद कोणाकडेही नव्हती. या तक्रारींत ९५ गोल्डन रिट्रीव्हर होते, पण त्या जातीच्या पालकांच्या संघटित गटांत या विषयाची जागृती मोठी होती आणि त्यामुळे तेथून तक्रारी अधिक आल्या असणे शक्य आहे, हे एफडीएनेही नमूद केले होते. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की एफडीएने तपासलेल्या तृणधान्ययुक्त आणि तृणधान्यविरहित अशा दोन्ही प्रकारच्या खाद्यांत प्रथिने, मेथिओनिन, सिस्टीन व टॉरिन यांचे सरासरी प्रमाण सारखेच भरले. म्हणजे साध्या उणिवेचे स्पष्टीकरण पुरेसे पडत नव्हते, आणि पुष्कळ आजारी कुत्र्यांच्या रक्तात टॉरिन सामान्य पातळीवर असल्याचे आढळल्याने तर मांजरांच्या कथेची सरळ पुनरावृत्ती येथे नाही, हे निश्चित झाले.

असे असले तरी काही निरीक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. डेव्हिस येथील जोशुआ स्टर्न यांच्या गटाने डिसेंबर २०१८ मध्ये टॉरिनची कमतरता व डीसीएम असलेल्या २४ गोल्डन रिट्रीव्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २३ कुत्रे तृणधान्यविरहित, कडधान्यबहुल किंवा दोन्ही प्रकारांत मोडणारे खाद्य खात होते; खाद्य बदलून पूरक टॉरिन दिल्यावर एक कुत्रा वगळता सर्वांच्या हृदयाच्या ध्वनिलहरी-तपासणीत, म्हणजे इकोकार्डिओग्राफीत, सुधारणा दिसली, आणि हृदय निकामी होऊन शरीरात पाणी साचलेल्या ११ पैकी ९ कुत्र्यांचे पाणी ओसरले. आनुवंशिक डीसीएममध्ये असे घडत नाही. या अभ्यासातील आणखी एक नोंद तितकीच बोलकी आहे : त्या कुत्र्यांना दिल्या जाणाऱ्या खाद्यांपैकी एकाचीही अमेरिकी पशुखाद्य नियंत्रण अधिकारी संघाच्या पद्धतीनुसार प्रत्यक्ष कुत्र्यांना खाऊ घालून चाचणी झालेली नव्हती. ती चाचणी तरी कितीशी कडक आहे? आठ कुत्र्यांना २६ आठवडे ते खाद्य द्यायचे आणि त्यांपैकी किमान सहा जणांनी चाचणी पूर्ण करायची, एवढीच तिची अट आहे. हृदय रुंदावायला याहून अधिक काळ लागू शकतो, आणि आठांच्या गटात विरळा दोष सापडण्याची शक्यता कमीच असते. पण तेवढी चाचणीही बंधनकारक नव्हती, कागदावर पोषकद्रव्यांचा हिशेब जुळला की खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ म्हणून विकता येई.

टॉरिनपलीकडचे कारण शोधण्याचा एक प्रयत्न ऑगस्ट २०२१ मध्ये प्रकाशित झाला. डीसीएमशी जोडली गेलेली नऊ खाद्ये आणि तशी न जोडलेली नऊ खाद्ये घेऊन टफ्ट्‌स विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी त्यांतील शेकडो संयुगांची तुलना केली, आणि दोन गटांत भेद दाखवणाऱ्या संयुगांचा सर्वाधिक संबंध वाटाण्याशी असल्याचे त्यांना दिसून आले. त्यांपैकी नेमके कोणते संयुग अपायकारक आहे, किंवा एखाद्या उपयुक्त संयुगाचा अभावच कारणीभूत आहे, हे या अभ्यासातून ठरू शकत नव्हते. एरवी निरुपद्रवी असलेले कडधान्य मुख्य अन्न झाल्यावर घातक ठरू शकते, ही कल्पना मात्र नवी नाही. विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात लाखोळी डाळीवर महिनोन्‌महिने गुजराण करणाऱ्या गरिबांना पायांचा लुळेपणा आणणारा लॅथिरिझम हा विकार त्याचे ज्ञात उदाहरण आहे. वाटाण्यात तसे विष असल्याचा पुरावा नाही, आणि या उदाहरणाचा उपयोग प्रमाणाचे महत्त्व लक्षात आणून देण्यापुरताच केला पाहिजे.

विरोधी बाजूचा पुरावाही येथे न्याय्यपणे मांडला पाहिजे. २०२२ मध्ये अमेरिकेतील अनेक हृदयविकार उपचार केंद्रांच्या २००० ते २०१९ या काळातील नोंदी पडताळणाऱ्या एका पाहणीत, तृणधान्यविरहित खाद्याची विक्री झपाट्याने वाढूनही नव्याने निदान झालेल्या डीसीएमच्या प्रमाणात तशी वाढ दिसली नाही. २०२३ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २८ सायबेरियन हस्की कुत्र्यांना २० आठवडे शून्य ते ४५ टक्क्यांपर्यंत अख्खी कडधान्ये असलेले खाद्य दिले, आणि त्यांच्या हृदयाच्या कार्यात बिघाड आढळला नाही. पहिल्या पाहणीचे लेखक खाद्य-उद्योगाला सल्ला देणाऱ्या संस्थेशी संबंधित होते, हे तिच्या टीकाकारांनी दाखवून दिले. आणि दुसऱ्या बाजूला, आहाराविषयी सावध करणाऱ्या काही संशोधकांना जुन्या, तृणधान्ययुक्त खाद्य बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून संशोधनासाठी साहाय्य मिळाले होते, हे त्यांनी आपल्या निबंधांतच जाहीर केले होते. पशुपोषणाच्या संशोधनाला सार्वजनिक निधी अत्यल्प मिळतो आणि त्यामुळे प्रत्येक निष्कर्षाच्या पाठीशी कोणा ना कोणा विक्रेत्याचा पैसा असतो, हे या प्रकरणाचे सर्वांत दुःखद अंग आहे. पाळीव प्राण्यासाठी दुकानात उभ्या असलेल्या माणसाला विश्वास ठेवायला तटस्थ आधारच उरत नाही. तरीही ग्वेल्फच्या प्रयोगाचे मोल मान्य करायलाच हवे, कारण तक्रारींच्या ढिगाऱ्यातून जे कधीच निष्पन्न झाले नसते ते नियंत्रित प्रयोगातून कळते. त्या प्रयोगातील खाद्य जाणीवपूर्वक संतुलित केलेले होते, कालावधी साडेचार महिन्यांचा होता आणि जात एकच होती, या त्याच्या मर्यादा आहेत. संतुलित केलेल्या खाद्यात कडधान्य निरोगी कुत्र्याला त्या मुदतीत अपाय करीत नाही, एवढे त्यातून सिद्ध होते. बाजारातील प्रत्येक पाकीट सुरक्षित आहे, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

२९ सप्टेंबर २०२० रोजी कॅन्सस स्टेट विद्यापीठाने या विषयावर भरवलेल्या ऑनलाइन परिषदेत एफडीएच्या पशुवैद्यकीय केंद्राचे संचालक स्टीव्हन सॉलोमन यांनी आनुवंशिकता, आधीचे आजार आणि आहार या अनेक घटकांच्या परस्परक्रियेतून हा विकार उद्भवत असावा, अशी भूमिका मांडली. कडधान्ये श्वानखाद्यात पूर्वीपासून वापरली जात असून ती मुळातच घातक असल्याचा पुरावा नाही, परंतु तृणधान्यविरहित खाद्यांत त्यांचे प्रमाण पूर्वीच्या खाद्यांपेक्षा अधिक असते, ही एफडीएची नोंद या साऱ्या वादातील सर्वांत समतोल विधान म्हणावे लागेल. २३ डिसेंबर २०२२ रोजी, नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंत कुत्र्यांमधील डीसीएमच्या १,३८२ तक्रारी आल्याचे सांगून, केवळ तक्रारींच्या संख्येवरून कार्यकारणसंबंध प्रस्थापित करता येत नाही आणि अर्थपूर्ण नवी शास्त्रीय माहिती हाती येईपर्यंत आणखी जाहीर निवेदने काढली जाणार नाहीत, असे एफडीएने कळवले.

हा निर्णय काही कंपन्यांनी निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र म्हणून मिरवला, पण त्या निवेदनात तसे काही म्हटलेले नाही. हाती असलेल्या पुराव्यावरून असे म्हणता येते की वाटाणा किंवा मसूर हे विष नाही. ज्या खाद्यात त्यांनी धान्याचीही जागा घेतली आणि मांसाचीही, आणि जे खाद्य प्रत्यक्ष कुत्र्यांवर न आजमावता विकले गेले, त्याने काही कुत्र्यांची हृदये बिघडवली असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते नेमके कोणत्या मार्गाने घडले हे अद्याप उलगडलेले नाही. मुंबई-पुण्यासह भारतातील शहरांतही असे आयात खाद्य आता दुकानांत मिळते. घरी कुत्र्याला पोळीसोबत थोडे वरण घातले जाते, त्याच्याशी या प्रकरणाचा संबंध नाही; परंतु पाकिटावरच्या यादीत वाटाणा, मसूर व हरभरा निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आलेला असेल, तर त्या खाद्याची प्रत्यक्ष चाचणी झाली आहे का हे उत्पादकाला विचारावे, आणि कुत्रा लवकर थकू लागला, धापा टाकू लागला किंवा एकदा जरी भोवळ येऊन पडला, तर खाद्याचे नाव सोबत घेऊन त्याला पशुवैद्याकडे न्यावे व हृदयाची तपासणी करून घ्यावी. आहाराशी संबंधित डीसीएम वेळेत ओळखला गेला तर खाद्य बदलून, औषधे देऊन आणि गरजेप्रमाणे टॉरिन पुरवून अनेक कुत्र्यांची हृदये पुढील काही महिन्यांत सुधारतात.